तळ्यावरून कोणी कोणाला आणलं

युसूफभाई गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी इथे आखातात, ऊद मेथा भागात मुलाच्या शाळेबाहेर गाडीत बसले होते. एसी फुल, बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. मुलगा दार उघडून आत आला, माझा चेहरा बघून म्हणाला, "मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" मला ना मराठीत सांगता येईना, ना इंग्रजीत… संध्याकाळी शारजाला, अल मजाजच्या त्यांच्या घरी पोचले. बाहेरच्या खोलीत पुरुष, आत बायका. झुबेदाभाभींनी मला घट्ट मिठी मारली आणि शेजारी बसलेल्या नणंदेला म्हणाल्या, "हीच ती. हिनेच यांना बर्फातून जिवंत परत आणलं होतं." सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. खरं तर झालं होतं ते बरोब्बर उलटं. पण मयताच्या घरात, विधवा झालेल्या बाईला तोंडावर 'नाही हो' कसं म्हणायचं? मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याने पुढचे कित्येक दिवस माझी झोप उडवली.

युसूफभाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. नोकरी शिपिंगमधली, वेड फोटोंचं, आणि त्यातही बर्फाच्या फोटोंचं. आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या ग्रुपमध्ये सगळे वाळूचे ढिगारे आणि उंट काढत असताना हा माणूस म्हणायचा, "पांढऱ्यावर पांढरं काढून दाखवा, मग बोला!" मला ते 'बाय' म्हणत, आणि माझी पुणेरी लांबण सुरू झाली की म्हणत, "बाय, यल्ला, चल, लाइट जाईल. भाषण नंतर." उन्हाळाभर त्यांची तालीम चालायची. जाड हातमोजे घालून स्वयंपाकघरातल्या फ्रीजरमध्ये हात खुपसायचा आणि न बघता कॅमेऱ्याची बटणं शोधायची. भाभी ओरडायच्या, "दार लावा आधी, माझे बांगडे वितळतायत!" नंतर मॉलमधल्या बर्फाच्या हॉलमध्ये जाऊन आम्ही तासन्‌तास तिपाई लावायचो. आम्हाला वाटलं, झालं, थंडी शिकलो. पण मॉलमधल्या थंडीला दार असतं, कंटाळा आला की बाहेर पडून कडक चहा मिळतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी युसूफभाई, भाभी आणि मी असे तिघं फिनलंडच्या पार उत्तरेला गेलो. माझ्या नवऱ्याने हात जोडले होते, "थंडीत कुडकुडायला तिकीट काढणारे तुम्हीच!" एका गोठलेल्या तळ्याकाठी लाकडी घर घेतलं होतं. त्या दुपारी भाभी शेगडीजवळ बसल्या आणि आम्ही दोघं तळ्यावर निघालो. तिथे दुपारीच उजेड निळा होतो, तो त्यांना हवा होता. आणि तिथेच आमच्या आखाती डोक्याने घात केला. इथे उन्हात फोन तापून बंद पडतो, म्हणून आम्हाला सवयच लागलेली… फोन आणि बॅटऱ्या अंगापासून लांब, जॅकेटच्या बाहेरच्या खिशात. तिकडे त्या अंगाच्या उबेत ठेवायच्या असतात, हे वाचलेलं होतं हो! पण हात सवयीने बाहेरच्याच खिशाकडे गेले. वारा सुटला, बर्फ उडायला लागला, आणि बघता बघता काठ नाहीसा झाला. मागे वळून बघितलं तर आमची पावलंसुद्धा पुसलेली. कॅमेरा बंद. माझा फोन बंद. त्यांचा बंद.

डावीकडे मला दिवा दिसला, निदान दिसला असं वाटलं. "तो बघा दिवा! चला!" मी निघालेच. युसूफभाईंनी माझी बाही पकडली. हात नाही, बाही. जिवावर बेतलं होतं तरी त्या माणसाची अदब सुटली नव्हती. "बाय, थांब. फोन जागा होऊ दे." ते फोन सदऱ्याच्या आत, काखेत दाबून उभे होते. चेन उघडताना त्यांच्या उजव्या हाताचा मोजा वाऱ्याने उडवला होता, आणि त्याच उघड्या हाताने त्यांनी मला धरलं होतं. मी ओढत होते, रडत होते, वाट्टेल ते बोलत होते. "तुम्हाला मरायचंय तर मरा, मला मुलगा आहे!" असंसुद्धा म्हणाले. मी शांत राहिले असते तर तो हात त्यांना खिशात घालता आला असता… शेवटी फोन थरथरला. घरमालकाला जागा कळवता आली आणि तो बर्फावरची स्कूटर घेऊन आला. मी दाखवलेल्या दिशेला बघून त्याने नुसती मान हलवली. तिकडे नदी तळ्याला मिळत होती. बर्फ पापडाएवढा पातळ.

युसूफभाईंच्या पहिल्या बोटाचं टोक काळं पडलं. बोट वाचलं, पण त्यातली जाणीव गेली ती गेलीच. नंतर ते मधल्या बोटाने क्लिक करायचे आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, "स्टाइल आहे हबीबी!"

गेल्या आठवड्यात मला राहवेना. भाभींची नवरा गेल्यानंतरची इद्दत चालू आहे, त्या घराबाहेर पडत नाहीत, म्हणून मीच गेले. पाणीसुद्धा न पिता सगळं सांगून टाकलं. दिवा, बाही, 'मरायचंय तर मरा'. वाटलं, आता या मला उठ म्हणतील. त्या ओढणी सारखी करत म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"अगं, मॉलच्या पार्किंगमध्ये तुला स्वतःची गाडी सापडत नाही. तू तळ्यावरून कोणाला आणणार?"

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर…"

"ते त्यांचं बोलणं होतं. घरी ते असंच सांगायचे. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं."

मला हसूही फुटलं आणि रडूही. जीव वाचवला तो वाचवला, वर या माणसाने माझी लाजही राखली होती, तीही माझ्या नकळत! भाभींना विचारूनच आज हे लिहिते आहे. त्या भेटीत शेवटी मी त्यांना म्हटलं, "ते कसं सांगायचे, तसंच मला ऐकवा ना." भाभींनी घसा खाकरला, अगदी युसूफभाईंसारखा. "'झुबेदा, मी तर येड्यासारखा पळत सुटलेलो. दिवा दिसला म्हणून ओरडत होतो, रडत होतो. पण आमची बाय… तिने माझी बाही अशी धरली…'" आणि भाभींनी माझी बाही मुठीत घट्ट धरली. गोष्ट संपली तरी त्यांनी ती सोडली नाही. या वेळी मी ओढून घेतली नाही.