धुळाप्पाचा पट

मुरुम गावच्या बाजारात धुळाप्पाचं शिवणकामाचं दुकान आहे. दुकानात त्याची जीभ सुरीसारखी चालते. घरी मात्र धाकट्या भावाशी, सिद्धेश्वरशी, तो बोलत नाही. सिद्धेश्वरनं सामाईक अंगणात भिंत घातली आणि धुळाप्पाच्या घरच्या मशीनवरचा उजेड गेला. तेव्हापासून त्याला काही सांगायचं असलं तर धुळाप्पा तिसऱ्याकडं बघून सांगतो.

सोंगट्यांचा पट धुळाप्पानंच शिवलेला. काळ्या खादीवर लाल मांजरपाटाची घरं, चारी पट्ट्यांना दुहेरी टाका. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी देवळाच्या ओट्यावर धुळाप्पाची गल्ली आणि पेठ गल्ली यांचा डाव होतो आणि जिंकणारी गल्ली पट वर्षभर आपल्याकडं ठेवते. समोरासमोर बसणारे दोघं एकमेकांचे गडी. धुळाप्पासमोर कायम जैनोद्दीन बसायचा, त्यामुळं पट कधी गल्लीबाहेर गेला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात जैनोद्दीन वारला. गल्लीत त्या तोडीचा खेळणारा एकच उरला, सिद्धेश्वर.

"पट ठेवायचा असंल तर ह्याच्यासंगं बसा," गल्लीनं सांगितलं. धुळाप्पा बसला, पण तोंड पेठ गल्लीच्या गड्यांकडं फिरवून.

पेठ गल्लीकडून हिंमतराव आणि बंडप्पा होते. दोघांना भावांचं वैर ठाऊक होतं आणि त्याची मजाही वाटत होती.

"तुमच्या भावाची सोंगटी मरायला लागलीय, धुळाप्पा. वाचवा की!" बंडप्पा म्हणाला.

"मरू दे. लई पळालीय ती."

तरीही सिद्धेश्वरच्या चारही सोंगट्या आधी घरात गेल्या. धुळाप्पाची शेवटची सोंगटी मधल्या घरापासून दहा घरं लांब राहिली. हिंमतरावांचीही एकच उरलेली, तिला दोन हवे होते. बंडप्पाच्या सगळ्या आत होत्या. पाळी सिद्धेश्वरची आली.

ज्याच्या सोंगट्या घरात गेल्या, त्यानं आपलं दान गड्याला द्यायचं, ही सगळीकडची रीत. मुरुममध्ये तिला एक पुरवणी आहे. गड्यानं ते तोंडानं मागावं लागतं. न मागता पडलेलं दान धरत नाहीत.

सिद्धेश्वरनं कवड्या मुठीत खुळखुळवल्या.

"मागा, अण्णा."

धुळाप्पा पटाच्या टाक्यावरनं बोट फिरवत राहिला.

"जैनोद्दीनभाईला मागायचा की. 'दे रं भावा' म्हणायचा. आता सख्खा भाऊ बसलाय समोर."

गल्लीतली माणसं ओट्याला येऊन भिडली. "पट जातोय, धुळाप्पा! बोल की!" कुणीतरी ओरडलं.

धुळाप्पानं मान वळवली. "हिंमतराव, त्याला म्हणावं, दान टाक."

हिंमतराव खदखदून हसले. "आमी कशाला म्हणू? गडी तुमचा, तोंड तुमचं."

"मग न्हाय मागत."

सिद्धेश्वरनं कवड्या पटावर भिरकावल्या. एक उताणी, बाकी पालथ्या, म्हणजे दहाचं दान. नेमके हवे तेवढे. बंडप्पानं कवड्या गोळा केल्या. "मागितलं न्हवतं. धरत न्हाय."

हिंमतरावांनी टाकल्या, दोन पडले.

पट धुळाप्पानंच उचलला. झटकून, शिवणीवर शिवण ठेवून त्याची घडी घातली आणि हिंमतरावांच्या मांडीवर आदळली.

घरी दोघांचा रस्ता एकच. भिंतीपाशी आल्यावर सिद्धेश्वर म्हणाला, "एका शब्दापायी गल्लीचा पट घालवला. त्यापरीस जीभ झडली आसती तर बरं."

भिंत झाल्यापासून धुळाप्पा पहिल्यांदाच त्याच्याकडं तोंड करून बोलला.

"पट म्या परत शिवीन. तुझ्याकडं मागायला लागंल आसलं काय बी मला नगं."

आणि आतून कडी लावली.

नवा पट त्यानं खरंच शिवला. तो दुकानात मशीनमागच्या खिळ्याला लटकतो. गल्लीतलं कुणी त्याच्यासमोर बसायला तयार नाही. गिऱ्हाईक विचारतं, हा विकायचाय का. धुळाप्पा मापाची टेप गळ्यात टाकतो आणि सांगतो, "न्हाय. हात वर करा."