माशांपुढची बैठक

१२ ऑक्टोबर १९५७, शनिवारी मारुतरावांनी टपाल कचेरीच्या बचत खात्यातून ११८ रुपये ५० नवे पैसे काढले. खिडकीमागच्या कारकुनाने विचारले, "घरात कार्य काढलंय वाटतं?"

"नाही," मारुतराव म्हणाले. "मासे आहेत."

कारकुनाने नोटा मोजून पुढे सरकवल्या.

मारुतराव पिंपरीच्या एका औषध कारखान्यात भांडारपाल होते. वाईकडचा माणूस, वय बावन्न. पत्नी विमलबाई गेल्याला तीन वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. दिवसभर त्यांच्या खिडकीशी माणसांची रांग असे. माणसे चिठ्ठी देत, माल घेत, सही करत आणि जात. वसाहतीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मात्र चिठ्ठी घेऊनसुद्धा कोणी येत नसे.

श्रावणात त्यांनी पुण्याहून चार लाल मासे आणून एका काचेच्या बरणीत सोडले. एका संध्याकाळी शेजारच्या रुक्मिणीबाई लेकीला घेऊन चाळणी परत द्यायला आल्या. दारातूनच जायच्या त्या, पण लेक बरणीपुढून हलेना, म्हणून त्याही टेकल्या आणि अर्धा तास बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान बबनराव आले. तिसऱ्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातले दोघे आले आणि मागे उभे राहून कंटाळून परत गेले. बरणीपुढे एका वेळी दोनच माणसे बसू शकत होती. मारुतरावांनी ते पाहिले आणि चार फूट लांबीची पेटी करायचे ठरवले. तिच्यापुढे दहा माणसे आरामात बसतील, असा त्यांचा हिशोब होता.

पेटी कशाची करायची, हा प्रश्न होता. चिंचवड गावात तसबिरींना काच बसवणारा आबाजी होता. त्याने लोखंडी अँगलची चौकट आणि पाव इंच जाडीची काच सांगितली. सांधे लांबीने, म्हणजे काचेच्या पुट्टीने, भरून पक्के करायचे. किंमत ११८ रुपये ५० नवे पैसे. दुसरीकडे देहूरोडला ज्योतीराम होता. तो लष्करी लिलावातला माल विकायचा. त्याच्याकडे विमानाच्या खिडक्यांचे ॲक्रिलिक होते, म्हणजे प्लास्टिकची काच. वजनाला निम्मी आणि आपटली तरी फुटायची नाही. तो क्लोरोफॉर्म लावून सांधे असे जोडायचा की जोड दिसत नसे. त्याची किंमत आबाजीपेक्षा बत्तीस रुपयांनी कमी होती.

मारुतरावांनी कागदावर दोन रकाने पाडले आणि तीन दिवस ते भरत बसले. पैशाचा प्रश्न नव्हता, पैसे तर त्यांनी जास्तीच्या किमतीइतके काढून ठेवले होते. निकाल लागला तो बबनरावांच्या बोलण्याने.

"राव, पोरं टेकणार, ढकलाढकली करणार," बबनराव म्हणाले. "एखाद्याच्या हाताला काच लागली, तर आमच्या आळीतलं कुत्रंसुद्धा तुमच्या दारात यायचं नाही."

मारुतरावांनी त्याच संध्याकाळी ज्योतीरामला होकार कळवला. आबाजीला तोंडावर नाही म्हणायला ते स्वतः गेले.

"पिलाष्टिक?" आबाजी म्हणाला. "घ्या की. मासं काय, ताटलीत ठेवलं तरी ऱ्हात्यात. बघणाऱ्याला काच लागती."

दिवाळीनंतर पेटी आली. पहिल्या रविवारी चौदा माणसे आली. मारुतरावांनी पोहे केले, ते कमी पडले. रुक्मिणीबाईंनी घरून चिवडा आणला. मुले पेटीला नाक लावून बसली आणि मोठी माणसे मुलांना दटावण्याच्या निमित्ताने पुढे सरकली. त्यानंतरचे चार रविवार असेच गेले.

तोवर पेटीच्या भिंतींना आतून हिरवट शेवाळ धरले. बाहेरून बोटांचे डागही पडले होते. पुढच्या रविवारी बबनरावांचे पाहुणे यायचे होते. शनिवारी सकाळी मारुतरावांनी मासे माठात सोडले, पेटी रिकामी केली आणि साफ करायला बसले. घरातली प्रत्येक वस्तू ते विमलबाई घासत तशीच घासत. समई, तांब्या, दिव्याची काच, सगळे चुलीच्या चाळलेल्या राखेने आणि काथ्याने. पेटीही त्यांनी तशीच घासली, आतून आणि बाहेरून, दोन वेळा. पाणी ओतले तेव्हा ती आरशासारखी लख्ख दिसत होती. मारुतराव समाधानाने आंघोळीला गेले.

परत आले तेव्हा पेटी वाळली होती. चारही भिंतींवर राखेच्या बारीक ओरखड्यांचे धुके उतरले होते. ओल्या फडक्याने पुसले की ते जायचे आणि फडके उचलले की पुन्हा यायचे.

रविवारी माणसे आली. आत चार तांबूस डाग हलत होते.

"काका, मासे कुठं गेले?" रुक्मिणीबाईंच्या लेकीने विचारले.

"असं बोलू नये," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "दिसतात की."

पाहुण्यांनी पोहे चांगले झाल्याचे दोनदा सांगितले. पुढच्या रविवारी पाच माणसे आली, त्याच्या पुढच्या रविवारी कोणीच आले नाही. मारुतराव रोज संध्याकाळी दंतमंजन आणि मऊ कापड घेऊन पेटी घासत. महिनाभरात तळहाताएवढी जागा स्वच्छ झाली. तिच्यातून एका वेळी एका माणसाला पाहता येत होते.

जानेवारीत ते पुन्हा आबाजीकडे गेले. आबाजी हसला नाही. त्याने मापे विचारली आणि पंधरा दिवसांत काचेची पेटी आणून बसवली. पाण्यात एकेक खवला दिसत होता. मारुतराव वसाहतीत दारोदार सांगून आले. पण तोवर समोरच्या बिऱ्हाडात रेडिओ आला होता आणि रविवारची सकाळ तिकडे गेली होती. "येतो की राव, एकदा निवांत येतो," बबनराव म्हणाले.

त्या रविवारी पोह्यांचे पातेले तसेच राहिले. दुपारी एकटा आबाजी आला, बिलाचे पैसे न्यायला. पैसे घ्यायच्या आधी तो पेटीपुढे बसला.

"ह्यो शेपटी फाटलेला कंचा?"

"तो भांडखोर आहे," मारुतराव म्हणाले. "सगळ्यांना ढुसण्या देतो."

"आमच्या थोरल्यावानी हाय मग." आबाजीने पोहे खाल्ले, चहा घेतला. तासाभराने उठला.

मारुतरावांनी कोटाच्या खिशातून पाकीट काढले. आत पूर्ण रक्कम मोजून ठेवलेली होती. नोकरीच्या सत्तावीस वर्षांत त्यांनी कोणाचेही बिल एक दिवस अडवले नव्हते. त्यांनी एकेक रुपयाच्या तीन नोटा मागे ठेवल्या आणि बाकीच्या आबाजीच्या हातात दिल्या.

"तीन रुपये कमी पडतायत. पुढच्या रविवारी घेऊन जाशील?"

आबाजीने पाकिटाकडे पाहिले, मग पेटीकडे. "येतो की. घाई कुठं हाय."

पुढच्या रविवारी तो आला. मारुतरावांकडे सुटे नव्हते. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हते. आबाजी पैशांची आठवण एकदाच करी, ती निघताना दारात.

१९५८ संपत आले आहे. आबाजीचे तीन रुपये अजून देणे आहे.