हवानातला फ्रिज आणि आमचे मिस्त्री

कुणाच्याही घरी गेले की आमचे मिस्त्री 'कसे आहात' वगैरे विचारत नसत. चप्पल काढता काढता विचारायचे, "काय बंद पडलंय?" माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा बायकोलाही त्यांनी हेच विचारलं. ती बिचारी गोंधळली आणि मिक्सर काढून दिला.

आनंदनगरच्या आमच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या पॅक करायची मशिनं बनतात. मी इंजिनिअर, ते फिटर. हुद्द्याने मी वर आणि अकलेने ते, हे दोघांनाही ठाऊक होतं. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ते काम शिकले. शेठचं एकच वाक्य त्यांनी जन्मभर सांभाळलं, "पहले खोल के देख, फेंकना बाद में."

एकदा मशीन बसवायला कंपनीने आम्हा दोघांना क्यूबाला धाडलं. हवानात पहिल्याच दिवशी पावाच्या दुकानासमोर माझी फजिती झाली. दाराशी रांग दिसेना म्हणून मी सरळ आत घुसलो, तर झाडाखाली, पायऱ्यांवर बसलेली सगळी माणसं माझ्यावर ओरडली. तिथे येणारा 'शेवटचा कोण' एवढंच विचारतो, तो चेहरा लक्षात ठेवतो आणि सावलीत जाऊन बसतो. मिस्त्री आधीच एका म्हाताऱ्याचा चेहरा पाठ करून सावलीत बसले होते. म्हणाले, "साहेब, आपल्याकडे रेशनच्या लाइनीत पिशवी ठेवतात. इकडे माणूस माणसाला लक्षात ठेवतो. भारी आहेत हे लोक."

आम्ही मार्ता नावाच्या निवृत्त शिक्षिकेकडे राहत होतो. शिक्षिका म्हटल्यावर मिस्त्रींनी त्यांना 'बाई' करून टाकलं आणि त्यांच्याशी खुशाल मराठीत बोलू लागले. बाईंचं पेन्शन आठवडाभरही पुरत नसे. पेरूचा रस कपात गोठवून त्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून टोपली सोडून शाळेच्या पोरांना विकत, त्यावर घर चालायचं. आमच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा लग्नातला फ्रिज बंद पडला. कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा रिले जळाला होता आणि तसा रिले शहरभर हिंडूनही मिळाला नाही. बाई ओट्याशी नुसत्या बसून राहिल्या.

मिस्त्रींनी आमच्या सुट्या भागांच्या पेटीतलं एक हिरवं बटन काढून फ्रिजला जोडायला घेतलं.

"मिस्त्री, ते कंपनीचं आहे," मी म्हटलं.

"मग रिपोर्टात माझं नाव लिहा." त्यांनी मानही वर केली नाही. मी टॉर्च धरला.

फ्रिज चालू झाला. पण वीज जाऊन आली की दरवेळी बटन दाबूनच सुरू करायचा, आणि वीज तिथे दिवसातून तीनतीनदा जायची. दोन मोजून बोट काढायचं. जास्त दाबलं तर कॉम्प्रेसर जळणार आणि बाईंचा धंदा कायमचा बसणार. या भीतीने मिस्त्री बाईंना बटनाला हातच लावू देईनात. आम्ही कामावरून परत येईपर्यंत फ्रिज तसाच बंद. शेवटी मी चिडलो. "परवा आपण विमानात बसणार. मग दाबणार कोण?"

त्या संध्याकाळी वीज नव्हती. मिस्त्रींनी बाईंना बंद फ्रिजसमोर बसवलं आणि मराठीतच शिकवायला घेतलं, "एक, दोन, सोड." बाईंचं बोट भीतीने चिकटूनच राही. "अहो बाई, सोडा की आता," मिस्त्री काकुळतीला येत.

निघायच्या सकाळपर्यंत बाईंनी खऱ्या विजेवर एकदाही बटन दाबलं नव्हतं. आम्ही बॅगा टॅक्सीत चढवल्या आणि नेमकी वीज आली. गल्लीतले रेडिओ एकदम सुरू झाले. मिस्त्री जिन्याकडे धावले, तीन पायऱ्या चढले आणि कठडा धरून थांबले. वरून बाईंचा आवाज आला, वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसा ठणठणीत. "एक. दोन. सोड." मग फ्रिजची घरघर सुरू झाली. मिस्त्री खाली येऊन टॅक्सीत बसले आणि विमानतळापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

मिस्त्री मागच्या वर्षी गेले. बाईंचे निरोप मला फोनवर अजून येतात, "मिस्त्रींना सांगा, फ्रिज चालू आहे." मी दरवेळी लिहितो, "सांगतो."