आजारी विहिरीची मालकीण

आत्याची जीभ आमच्या लॅबमधल्या निम्म्या यंत्रांना भारी होती. पाण्याचा घोट तोंडात घ्यायची, गालात खेळवायची, पचकन थुंकायची आणि निकाल देऊन मोकळी व्हायची. "ह्ये खाडीचं." दुसऱ्या बाटलीतला घोट. "ह्ये नाय खाडीचं. ह्याला कडवटपना हाय. ह्ये नाल्याकडनं आलंय." मी ओरडायचे, अगं, तपासायला आणलेलं पाणी तोंडात कसलं घालतेस? तर म्हणायची, "थुकलं ना बाय? मिठागरान जल्म गेला माजा. मना मीठ शिकवतंस?" मग मी तेच पाणी तपासायला लावायचे. जिथं ती खाडी म्हणाली तिथं क्लोराइड चढलेलं निघायचं, जिथं कडवट म्हणाली तिथं सल्फेट. माझी एमएस्सी कोपऱ्यात गप्प उभी राहायची.

नावड्याच्या बाजूला, खाडीच्या अंगाला तिचं गाव. माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळे अर्ध्या गावाची ती आत्या. उरलेलं अर्धं गावही मग आत्याच म्हणायला लागलं आणि मीसुद्धा. सुरुवातीला मी अहो-जाहो करत होते. "तुमी-बिमी काय? मी काय हापिसर हाय?" असं दरडावून तिनं मला 'तू'वर आणलं.

खांदेश्वरला दोन गाळ्यांची आमची लॅब होती. तिथं ती पहिल्यांदा आली ती कोल्ड्रिंकच्या पाच बाटल्या पिशवीत घालून. मी नवी होते आणि नव्या माणसाला असतो तेवढा माज मला होता. "या बाटल्यांत आधी काय होतं? कधी भरल्या? कुठनं भरल्या? हे असलं आम्ही घेत नाही," असं सगळं मी एका दमात सुनावलं. दुसरी एखादी बाई पिशवी आपटून गेली असती. आत्या म्हणाली, "मंग कसलं घेता ते दे. रीत सांग. रीत शिकल्याबिगर मी जानार नाय." आणि खरंच स्टुलावर बसली. दुपारपर्यंत मी तिला बाटल्या कशा धुवायच्या, काठोकाठ कशा भरायच्या, लेबल कसं लावायचं, बर्फात ठेवून किती वेळात आणायच्या ते सगळं सांगितलं. तिनं एकही गोष्ट लिहून घेतली नाही आणि पुढे एकही विसरली नाही. विसरायचे ती मीच.

हा ध्यास तिला का लागला, ते तिनं स्वतःच सांगितलं आणि स्वतःला अजिबात न वाचवता सांगितलं. गावानं पाइपलाइनसाठी अर्ज केला होता. विहिरीचं पाणी बिघडलंय, डाळ शिजत नाही, पोरांच्या अंगाला खाज सुटते, अशी तक्रार होती. मग वरून तपासणीचं पथक येणार म्हणून निरोप आला. झालं! गाव कामाला लागलं. पाहुणे येणार म्हणून बायकांनी विहिरीतला पाला काढला, कठडा घासला आणि वर ब्लीचिंग पावडरही टाकली. साहेब आत्याच्या दारात आला. विहीर तिच्याच अंगणातली. त्यानं रिकामी बाटली पुढे केली आणि म्हणाला, "मावशी, जरा पाणी भरून द्या." आत्यानं काय करावं? आत गेली आणि माठातलं, टँकरचं, गाळलेलं थंडगार पाणी भरून दिलं.

"दारी आलेल्या मानसाला खराब पानी कसं द्यायचं, बाय? हात धजलाच नाय."

महिन्याभरात कागद आला: पाणी पिण्यास योग्य. पाइपलाइनचा अर्ज बाजूला पडला. "मी माज्या हातानं गावाचं वाटोलं केलं," ती म्हणायची. हे सांगताना रडायची नाही, चिडायची. साहेबावर थोडी आणि स्वतःवर फार. आपल्याकडे घरातलं वाईट झाकून पाहुण्यासमोर चांगलं मांडायचं, हेच तर आपण शिकत आलो. त्याच वळणानं अख्खं गाव फसलं होतं.

तेव्हापासून तिनं 'शिळ्या पाण्या'शी वैर धरलं. पाइपात रात्रभर बसलेलं पाणी शिळं. टाकीतलं शिळं. विहिरीच्या वरच्या थरातलंही शिळं. "झऱ्याचं येऊ दे. जमिनीच्या पोटात काय चाललंय ते झराच सांगतंय." मोटर चालू करायची आणि मनगट धारेखाली धरून उभी राहायची. पाणी आधी कोमट लागायचं, मग हळूहळू गार व्हायचं, आणि गारवा बदलेनासा झाला की म्हणायची, "भर आता." मी शेजारी थर्मामीटर आणि मीटर घेऊन उभी. आकडे स्थिर व्हायला आणि तिनं मनगट काढायला एकच गाठ पडायची. आमच्या पुस्तकात हीच रीत चांगली दोन पानं भरून दिलेली आहे. आत्याला ती मनगटात दिलेली होती.

पावसाळ्यानंतरच्या रिपोर्टवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. पहिली तपासणीही गणपती झाल्यावरच झाली होती. "पावसानंतरचं पानी म्हंजी बोहल्यावरचा नवरा. सगलाच बेस दिसतंय. खरा कसा हाय, ते वैशाखान बग." म्हणून आम्ही दोन्ही वेळचं पाणी घ्यायला लागलो, मे महिन्यातलं आणि गणपतीनंतरचं. शिवाय तिनं सुंभाच्या दोरीला गाठी मारून पाण्याची पातळी मोजायला सुरुवात केली. आजूबाजूला सात-सात मजली इमारती उठल्या. प्रत्येकीनं दोन-तीन बोअर मारले. उन्हाळ्यात विहिरीची पातळी दोरीच्या शेवटच्या गाठीखाली जायला लागली आणि खाडी आत सरकायला लागली. आपण गोडं उपसलं की खारं त्याची जागा घ्यायला येणारच, एवढं साधं आहे ते.

कारखान्यांचं सांडपाणी वाहणाऱ्या नाल्याचं दुखणं वेगळं होतं. ते मला तिनं गावभर हिंडवून समजावलं. आधी नाल्याजवळची विहीर बिघडली, काही वर्षांनी मधली, मग तिची. "पानी बसून नाय रात. चालतंय. म्हाताऱ्या मानसासारखं, पन चालतंय. आज माज्याकडं आलंय, उद्या त्या इमारतीन जाईल." आम्ही नकाशावर खुणा केल्या तर ती म्हणाली तस्साच रस्ता निघाला.

आणि इथंच घरात ठिणगी पडली. आत्याचा मुलगा दिनेश. शेती बंद पडली तेव्हा त्या जागी चाळ बांधून खोल्या भाड्यानं देणारा, आणि दोन इमारतींत भागीदार असलेला. वाईट माणूस मुळीच नव्हता. आईला एक ग्लास पाणीसुद्धा हातात आणून द्यायचा. पण पुन्हा तपासणीचा अर्ज आईनं केल्याचं कळलं तेव्हा अंगणात तांडव केलं त्यानं. मी तिथंच होते.

"आई, गावाची बदनामी व्हईल! कोन भारोत्री येईल? सगलं टेन्शन माज्या डोक्याव!"

आत्या सुपात तांदूळ निवडत होती. हात थांबवला नाही. "दिन्या, विहीर आजारी हाय. आजारी मानसाला घरान लपवून ठेवतान का डाक्तरकडं नेतान?"

"लोक हसतील."

"हसू दे. हसून कुनाला जुलाब व्हत नाय."

तो दार आपटून गेला. मी अगदी ओशाळून म्हटलं, आत्या, माझ्यामुळं तुमच्यात भांडण नको. तर माझ्यावरच उखडली. "तुज्यामुलं? तू कोन मोठी लागून गेलीस? हे माजं निस्तरायचं हाय." बरोबरच होतं तिचं. माझे वडील साताऱ्याहून येऊन मार्केटात माथाडी झाले. "पाठीवर घेतलेलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकू नये," असं ते म्हणायचे. आत्याही त्याच जातकुळीची होती.

दुसऱ्यांदा पथक यायचं ठरलं, तेही भर मे महिन्यात, कारण तसा हट्ट तिनं अर्जातच लिहून घेतला होता. आदल्या दिवशी ती घरोघर फिरली. कुणी विहिरीला हात लावायचा नाही, पावडर टाकायची नाही, झाडायचंसुद्धा नाही. तरी दोघीतिघी पावडरचा डबा घेऊन आल्याच, सवयच ती! आत्या दिवसभर कठड्यावर ठाण मांडून बसली. "आज विहिरीला घानेरडी राहू द्या गं," असं म्हणून तिनं त्यांना परत पाठवलं.

साहेब आला, घाईत. मोटर चालू केली आणि दोन मिनिटांत बाटली धारेखाली धरली. आत्यानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"थांबा. झऱ्याचं येऊ दे."

"मावशी, मला आज अजून चार गावं करायची आहेत."

"मना येकच हाय."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घालून मीटर बघत राहिले, मला हसू आवरत नव्हतं. मोटर चालत राहिली. आत्या मनगट धरून उभी, साहेब रुमाल डोक्यावर घेऊन उभा. पाणी गार झालं, बाटल्या भरल्या, सील लागलं, तेव्हाच तिनं पंचनाम्यावर सही केली. जाताना तो साहेब पाय घोटाळत म्हणाला, "मावशी, आमच्या ऑफिसात या शिकवायला." टोमणा होता की कौतुक, कोण जाणे. आत्यानं ते कौतुक समजून घेतलं आणि त्याला चहा पाजला. टँकरच्या पाण्याचा.

रिपोर्ट आला: पिण्यास अयोग्य. आत्यानं तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. वाचून झाल्यावर तिचा चेहरा असा काही झाला, की आनंद म्हणावा की दुःख, मला आजही कळत नाही. विहीर तिच्या सासऱ्यानं खणलेली होती. कठड्यावर लाल रंगात तीच अक्षरं रंगवायला माणूस आला तेव्हा ती म्हणाली, "बारीक नको लिवू. येनाऱ्याला रस्त्यावरनं वाचता आलं पायजे."

चाळीतल्या सहापैकी चार खोल्या रिकाम्या झाल्या. दिनेशनं अबोला धरला. जेवणाचं ताट तिच्यापुढे ठेवायचा, बोलायचा नाही. तिनं तेही सोसलं. पुढे पाइपलाइन आली. नारळ फुटला, हार घातले, फोटो निघाले. आत्याला कुणी बोलावलं नाही. मला राग आला, मी तणतणले. ती मात्र सकाळीच नळाचं पाणी बाटलीत भरून बर्फात घालून लॅबमध्ये हजर! "नवीन पाइप हाय. कुनाच्या सांगन्यावर मी पियाची नाय."

गेल्या थंडीत ती गेली. झोपेतच गेली. फार काही लिहिता येत नाही मला याबद्दल. तिच्याशिवाय बाटलीचं झाकण उघडताना अजून माझे हात अडतात.

तिचे दिवस झाल्यानंतर महिन्याभरानं मी गेले तर कठड्याला पांढरा रंग दिलेला. स्वच्छ, नवा, एक अक्षर नाही. शेजारची बाई म्हणाली, नळ आलाय, आता ती पाटी कशाला, खोल्या भरायच्यात. आणि ज्या दिवशी नळाला पाणी नसतं त्या दिवशी नव्या भाडेकरूंच्या बायका याच विहिरीवर येतात, असंही तीच म्हणाली. माझ्या डोळ्यांसमोर एकीनं हंडा भरून डोक्यावर घेतला. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण ताई, इथं तर काहीच लिहिलेलं नाही."

पाणी भरून घेऊन मी लॅबला गेले. आकडे तेच निघाले, थोडे वाईटच. तीन दिवसांनी मी परत गेले, ते लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. भर सकाळी, अंगणात, सगळ्यांसमोर पदर खोचला आणि लिहायला बसले. मला काही सुंदर अक्षर येत नाही. दोन अक्षरं झाली असतील तोवर दिनेश बाहेर आला.

"ताई, कुनाला विचारून लिवताय?"

"तुझ्या आईला."

"आई गेली, ताई."

"ती गेली रे. पाणी तेच आहे. परवा तपासलंय," मी म्हटलं आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.