काचेकडे पाठ

रंगराव हॅमरवर होते तोवर त्यांना कुणी बहिरं म्हटलं नाही. चाकणच्या त्या फोर्जिंग कंपनीत हॅमर शॉपमधले सगळेच एकमेकांचे ओठ आणि हात बघून बोलायचे. तापलेल्या लोखंडावर हॅमर पडायला लागला की पायाखालची फरशी हलायची, तोंडचा शब्द कुणालाच ऐकू यायचा नाही. दोन बोटं वर केली की चहा. मनगट फिरवलं की डाय, म्हणजे लोखंडाचा साचा, बदलायची. हनुवटी खाजवली की सुपरवायझर येतोय, कारण त्याला दाढी होती. औसा तालुक्यातून आलेल्या रंगरावांचं अर्धं आयुष्य असंच बोलण्यात गेलं. पिंपळे गुरवच्या घरीही ते बायकोच्या, विमलबाईंच्या, ओठांकडे बघून मान हलवायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, शांत माणूस आहे.

गेल्या वर्षी मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. चाक पायाला घासून गेलं. हाड शाबूत राहिलं, पण दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. तेव्हापासून ते दिवसभर खिडकीशी बसून असायचे. विमलबाई एका मेसमध्ये पोळ्या लाटायच्या. तिथं त्यांना कळलं की कामाच्या आवाजानं कान गेले तर कामगार विम्यातून जन्मभर दरमहा पैसे मिळतात, पण त्यासाठी वकील गाठावा लागतो. विमलबाईंनी इस्त्रीचा शर्ट हातात दिला, तो त्यांनी घातला.

अ‍ॅडव्होकेट साबियांचं ऑफिस संत तुकाराम नगरात, त्यांच्या वडिलांच्या गॅरेजच्या वर होतं. खाली ठोकाठोक चालूच होती. साबियांनी बरंच विचारलं आणि रंगरावांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली. मग फाइल काढायला त्या कपाटाकडे वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “काका, चहा सांगू का?”

रंगराव टेबलाकडे बघत राहिले. विमलबाई बोलणार, तेवढ्यात साबियांनी वळून हातानं थांबवलं. परत येऊन त्यांनी कंपनीच्या वार्षिक तपासणीचे कागद समोर पसरले.

“या कागदांवरून तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, काका. दरवर्षी नॉर्मल. हे कसं काय?”

रंगरावांनी विमलबाईंकडे बघितलं. मग सांगून टाकलं. कंपनीत तपासणीची गाडी यायची. तिच्यात काचेची छोटी खोली असायची. हेडफोन लावून आत बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरचा माणूस मशीनवरून आवाज सोडायचा, तेव्हा त्याचं कोपर किंचित हलायचं. काचेतून ते दिसायचं. कोपर हललं की बटण. जो नापास होई त्याला हॅमरवरून पॅकिंगला टाकत, आणि पॅकिंगला ना भत्ता, ना ओव्हरटाइम. म्हणून जुने लोक नव्या पोरांना हॅमर शिकवायच्या आधी कोपर शिकवायचे. रंगरावांनी ते गावाकडच्या ज्योतीरामला शिकवलं होतं. तो अजून हॅमरवरच होता.

साबियांनी स्पष्ट सांगितलं. हे विम्याच्या वैद्यकीय मंडळापुढं सांगावं लागेल, नाहीतर हेच कागद दावा बुडवतील. नवी तपासणी काचेकडे पाठ करून घ्या, असा अर्ज त्या देतील. नाव कुणाचंच घ्यायचं नाही, फक्त स्वतःचं सांगायचं. मंडळ मानेलच याची खात्री त्यांनी दिली नाही.

ही बातमी ज्योतीरामपर्यंत कशी गेली कोण जाणे. रविवारी तो आला. रंगरावांसमोर उजेडात बसला आणि त्यांना कळावं म्हणून ओठ मोठे करून सावकाश बोलला.

“मामा, कान गेले म्हणून सांगा की खुशाल. कोपराचं तेवढं सांगू नका. उद्या आम्हा सगळ्यांनाच उलटं बसवतील. चऱ्होलीचा फ्लॅट हॅमरवर उभा हाय माझा.”

“आणि आमचं घर माझ्या लाटण्यावर उभं राहू दे, व्हय रे?” विमलबाई म्हणाल्या.

पुढं दोघं एकदमच बोलायला लागले. रंगरावांना एका वेळी एकाचेच ओठ वाचता यायचे. त्यांनी दोघांकडेही बघायचं सोडलं. ज्योतीराम चहा न घेता गेला.

मंडळापुढं रंगरावांनी कोपराची गोष्ट सांगितली. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होते, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते कळलं नाही. मग तपासणी. तिथल्या काचेच्या खोलीतली खुर्ची आधीच फिरवून ठेवली होती. समोर करड्या स्पंजची भिंत, तिला बारीक भोकं. रंगराव बटणावर अंगठा ठेवून बसले. हेडफोन गरम वाटत होते. एकदा अंगठा आपोआप खाली जायला निघाला, इतक्या वर्षांच्या सवयीनं. त्यांनी तो उचलून धरला. आता सुरू होईल, आता होईल, म्हणून ते वाट बघत होते, तेवढ्यात खांद्यावर हात पडला. तपासणारी मुलगी मागं उभी होती.

“कधी सुरू करणार?” त्यांनी विचारलं.

तिनं मास्क खाली ओढला. “झालं की, काका.”

बाहेर बाकावर ते बराच वेळ बसून होते. थोडं तरी ऐकू येतं, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं.

काही महिन्यांनी दावा मंजूर झाला. विमलबाईंनी मेसमधली संध्याकाळची पाळी सोडली. मंडळानं कंपनीकडे खुलासा मागितला होता. पुढच्या तपासणीला गाडी आली तेव्हा तिच्यातलीही खुर्ची भिंतीकडे वळवलेली होती. ज्योतीराम पॅकिंगला गेला.

दिवाळीनंतर गावाकडच्या एकांच्या नातवाचं जावळ होतं, चऱ्होलीतल्या मंगल कार्यालयात. ज्योतीराम पंगतीची व्यवस्था बघत होता. तो जवळ आला, विमलबाईंच्या पाया पडला. मग त्यानं रंगरावांकडे एकदा नीट बघितलं, पाठ फिरवली आणि पाठमोराच बोलायला लागला. बराच वेळ बोलला. रंगरावांना त्याची मान आणि खांदे हलताना दिसत होते. विमलबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. बोलून झाल्यावर ज्योतीराम वळून न बघता वाढप्यांकडे गेला.

“काय म्हणाला?” रंगरावांनी विचारलं.

विमलबाई नेहमीसारख्या त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, तोंडावर उजेड पडेल अशा.

“जेवून घ्या म्हणाला.”

रंगरावांनी त्यांचे ओठ नीट वाचले. मग ते पंगतीत जाऊन बसले.