नापास झालेलं पांढरं बोंड

पुण्यातल्या त्या परिषदेत माझं भाषण नेमकं जेवणानंतर ठेवलं होतं. जेवणानंतर बोलायला उभं राहणं म्हणजे शिक्षाच. समोरचे लोक गुलाबजाम खाऊन आलेले, हॉलमध्ये गारवा, निम्म्यांच्या माना कललेल्या. म्हणून लोकांना हसवायची सोय मी आधीच करून ठेवली होती. त्या सोयीची लाज मला अजून वाटते.

परिषद जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची होती. वेबसाइटचा जो भाग माणसाला दिसतो, ज्यावर तो बोट ठेवतो, तो बनवणारे आम्ही. सकाळपासून चार भाषणं झाली होती. एकाने पान निम्म्या वजनाचं कसं करावं ते सांगितलं. दुसऱ्याने आपण सगळे जे वापरतो ते यंदा मेलं, असं जाहीर केलं. आमच्या धंद्यात दरवर्षी काही ना काही मरतं आणि त्यावर भाषण होतं. ऐकणारे गंभीरपणे वहीत टिपून घेतात. मीही टिपून घेत आलो आहे.

माझा विषय होता स्वस्त फोनवर, ब्राउझरच्या आतल्या आत फोटो तपासण्याचा. त्यामागची गोष्ट माझ्या गावाकडची होती आणि म्हणूनच मला तिथे बोलावलं होतं, हे मी ओळखून होतो.

माझं गाव वरवट बकालपासून चार-पाच किलोमीटरवर. खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, उत्तरेला सातपुडा दिसत राहतो, आणि खाली सगळा कापूस. मी शाळेत असताना बीटी कापसाचं बियाणं आलं. बाबांनी त्या वर्षी फवारणीचा पंप धुऊन माळ्यावर ठेवला, आता अळी लागत नाही म्हणाले. काही वर्षं ते खरंही होतं. मग गुलाबी बोंडअळी आली. ही अळी फार कपटी. बोंड बाहेरून हिरवंगार, भरलेलं दिसतं. फोडलं की आत काळी पडलेली सरकी, पिवळट चिकटलेला कापूस आणि मधोमध गुलाबी अळी. मी सांगतो त्या वर्षी तालुक्यातलं एकही वावर सुटलं नव्हतं.

तक्रार अर्ज भरायचा, मग माणसं येऊन वावर बघणार, पंचनामा करणार, अशी पद्धत ठरली. अट एकच, पीक उभं हवं. उपटलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, पंचनामा होत नाही. तो अर्ज फोनवरून भरायची सोय करण्याचं काम आमच्या छोट्या कंपनीकडे आलं. मी ते अक्षरशः मागून घेतलं. घरी फोन करून सांगितलं की हा फॉर्म मी बनवतो आहे. मायने ते गल्लीभर सांगितलं असणार. तिला सांगायला तेवढंच हवं असतं.

अर्जासोबत खराब बोंडाचा फोटो जोडायचा होता. लोक काय वाटेल ते जोडत. बैल, स्वतःचा चेहरा, अंगठा, एकाने तर नुसतं आभाळ. मग मी एक तपासणी लिहिली. फोटो फोनमध्येच लहान करायचा, त्यातले पांढरे ठिपके मोजायचे. स्वच्छ पांढरा कापूस ठरावीक मापापेक्षा जास्त दिसला, किंवा कापूसच दिसला नाही, तर अर्ज परत. स्क्रीनवर वाक्य यायचं: "फोटोत नुकसान दिसत नाही. अर्ज पुढे पाठवता येत नाही." हे वाक्यही माझंच. जुन्यातल्या जुन्या फोनवर अर्ध्या सेकंदात निकाल. खराब कापूस कसा दिसतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, माझं बालपण त्यात गेलं, असं मी ऑफिसात ऐटीत सांगितलं होतं.

नापास फोटोंची एक बारीक प्रत आमच्याकडे यायची, तपासणी सुधारण्यासाठी. नाव-गाव काही नाही, नुसता फोटो. भाषणासाठी मी त्यातलेच फोटो घेतले. निवडायचेही कष्ट घेतले नाहीत. बटण दाबलं की ढिगातून कोणतेही बारा पडद्यावर येतील, असं करून ठेवलं. दर वेळी नवे, म्हणजे मलाही मजा.

पहिले बारा आले. बैलाचं नाकाडं, शेळी, कुणाची तरी चप्पल. हॉल जागा झाला. मी मुद्दाम आवाज बदलून म्हणालो, "काऊन बे, शेयीले बोंडअळी लागली काय?" पुण्यात आमच्या बोलीतलं एक वाक्य टाकलं की काम होतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी याच बोलीला हसले म्हणून मी महिनाभर तोंड उघडलं नव्हतं, आणि आता तीच मी त्यांना हसायला देत होतो.

दुसरे बारा आले. मधोमध एका तळहातावर टपोरं फुटलेलं बोंड होतं, दुधासारखं पांढरं. त्यासाठी माझ्याकडे वाक्य तयार होतं. मी म्हणालो, ही तक्रार आहे की जाहिरात? सगळ्यांत मोठा हशा त्यालाच पडला. पुढच्या रांगेतल्या एकाने टाळी वाजवली.

मग मी तो हात पाहिला.

डावा हात होता. करंगळी अर्धी. माझ्या मायची करंगळी मी चौथीत असताना कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये गेली. बोंडाच्या टोकाला कुंकवाचं बोट लागलेलं होतं आणि पाकळीवर दह्याचा वाळलेला डाग. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही करतात. वावरात पाच खडे मांडायचे, दहीभात ठेवायचा, झाडावरच्या सगळ्यांत चांगल्या बोंडाला हळदकुंकू लावायचं, मग कापसाला हात लावायचा. ते पूजेचं बोंड वर्षभर देवापाशी राहतं. पडद्यावर ते बोंड माझ्या उंचीएवढं मोठं दिसत होतं आणि दोनशे माणसं त्याला हसत होती.

मी थांबलो नाही. हे मला स्वतःला माफ करता येत नाही. उरलेली सात मिनिटं मी नीट बोललो, टाळ्या घेतल्या, एकाने ठिपके मोजायचं काम बाकीच्या पानापासून वेगळं का चालवलं म्हणून विचारलं, त्यालाही व्यवस्थित उत्तर दिलं. मग बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन घरी फोन लावला.

मायने उचलला. अर्ज भरला होता का, विचारलं. ती म्हणाली, पंधरा दिवस झाले, मोबाइलच्या दुकानातल्या चाचांकडून भरून घेतला, पण फॉर्मनं नाही म्हटलं. मला का नाही कळवलं? तर म्हणे, तू कामात असतोस. बाबा कुठे आहेत? बाबा सकाळीच माणसं घेऊन वावरात गेले होते, पऱ्हाटी उपटायचा तिसरा दिवस होता. अर्ज होत नाही म्हटल्यावर पऱ्हाटी उभी ठेवून उपयोग काय, शिवाय लवकर उपटली तर अळी मरते असं सगळेच सांगत होते. फोन घरीच ठेवून गेले होते.

मुदतीला अजून चार दिवस होते. पीक उभं राहिलं तर अर्ज पुन्हा भरता आला असता. मी तिला म्हणालो, जा आणि बाबांना थांबव, एक झाडही उपटू देऊ नको. वावर नाल्यापलीकडे, तिच्या पायांनी अर्धा-पाऊण तास. ती का म्हणून न विचारता निघाली.

कुठे जावं कळेना म्हणून मी हॉलमध्ये येऊन शेवटच्या खुर्चीवर बसलो. पुढचं भाषण सुरू झालं होतं. बोलणारी बाई हुशार होती. विषय होता, पान उघडेपर्यंत माणसाला वाट पाहणं जड जाऊ नये म्हणून काय करावं. राखाडी पट्ट्या दाखवाव्यात, त्यांवरून हलकी चमक फिरवावी, म्हणजे आत काहीतरी चाललं आहे असं वाटतं आणि तोच वेळ कमी भासतो. तिने दोन पानं शेजारी शेजारी उघडून दाखवली. मी फोन मांडीवर ठेवून बघत होतो. एरवी मी ते सगळं टिपून घेतलं असतं. त्या दिवशी वही बॅगेतच राहिली.

फोन आला तेव्हा चहाची सुट्टी झाली होती. एका मजुराच्या फोनवरून बाबा बोलत होते. ते फोनवर नेहमी थोडकंच बोलतात.

"दोन तासं राह्यले," ते म्हणाले. "ठेवू काय?"

तास म्हणजे ओळ. पाच एकरांतल्या दोन ओळी. मी ठेवा म्हणालो.

त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडून मी ती तपासणी काढून टाकली. कोडच्या अकरा ओळी होत्या. मग नापास फोटोंचा ढीग पहिल्यांदाच एकेक करून पाहिला. कुंकू लागलेली आणखी बोंडं सापडली, आणखी तळहात, कुठे मागे पाच खडेही. आपल्या वावरातलं नासकं परक्याला दाखवायची आमच्याकडे चाल नाही. पाहुणा आला तर त्याला धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चांगल्या कोपऱ्याकडेच नेतात. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? फोटोंवर नावं नव्हती, पण अर्ज सुरू करताना दिलेले मोबाइल नंबर होते; अर्ज परत आलेल्या सगळ्यांना त्यांवर पुन्हा भरा म्हणून निरोप पाठवले. किती जणांचं पीक तोवर उभं होतं ते मी विचारलं नाही, माझी हिंमत झाली नाही.

रेल्वेने शेगावला उतरलो, तिथून जीपने वरवट बकालला. चाचांचं दुकान स्टँडवरच आहे. ते मला लहानपणापासून ओळखतात, पहिला फोन त्यांच्याकडूनच घेतला होता. मी विचारायच्या आधीच त्यांनी स्टूल पुढे केलं.

"म्या तुह्या मायले समजावलं होतं बेटा," ते म्हणाले. "किडकं बोंड बी आणून देलं होतं. ऐकतच नव्हती. हाच फोटो जाईन म्हणे."

आमच्या पुन्हा भरलेल्या अर्जावर वावर बघायला कृषी सहाय्यक आले. मीही सोबत होतो. सगळं वावर उघडं, काळं, मध्ये दोन ओळी उभ्या आणि धुऱ्याला पऱ्हाटीचा ढीग. त्यांनी चार बोंडं फोडली, चारही किडकी निघाली. माणूस भला होता. म्हणाले, मला दिसतंय सगळं, पण दोन ओळींचं वावर कसं लिहू? बाबा त्यांना म्हणाले, बरोबर आहे साहेब. आणि त्यांना पाणी आणायला स्वतः खोपीकडे गेले. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. दोघंही माझ्यावर रागावले नाहीत. मी केलेली तपासणी त्यांना समजावून सांगितली तेव्हा बाबांनी, मशीनले काय कयते, एवढं म्हणून विषय संपवला. मशीन नव्हतं ते, मी होतो, हे त्यांच्या डोक्यात काही उतरलं नाही. कदाचित उतरू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय ओसरीत बसून किडक्या बोंडांतून त्यातल्या त्यात बरा कापूस निवडत होती. मी समोर बसलो आणि हात लावू लागलो. बराच वेळ मनात घोळवून शेवटी विचारलं. चाचांनी खराब बोंड हातात दिलं होतं, तरी तिने पूजेचंच का धरलं?

तिने मान वर केली नाही. अर्ध्या करंगळीने सरकी बाजूला सारत राहिली.

"फॉर्म तू बनवला म्हणे," ती म्हणाली. "फोटो तुह्याकडेच येईन ना. तुले किडकं धाडू काय?"

हातातलं बोंड मी उगाच पुन्हा पुन्हा सोलत राहिलो.

"भेटला होता ना मंग?" तिने विचारलं.

"भेटला."

"चांगला दिसत होता?"

दोनशे माणसांनी भरलेला तो हॉल मला दिसला, आणि पुढच्या रांगेतला टाळी वाजवणारा माणूसही.

"चांगला दिसत होता," मी म्हणालो. "सगळ्याईले दाखवला."

तिचा चेहरा उजळला. तिने किती लोक होते ते विचारलं, मी सांगितलं. संध्याकाळी पाण्याला गेली तेव्हा शेजारणीला ते सांगताना मी ऐकलं, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत घरातून बाहेर आलो नाही.