पाखरांची लेन्स

आमच्या हॉलमध्ये बाबांचा जो फोटो लावलाय, त्यात ते समोर बघत नाहीत. मान जरा वर, डोळे आभाळात कुठेतरी, तोंड किंचित उघडं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा यावर काही ना काही बोलतोच. आत्याचं म्हणणं, हार घातलेल्या माणसाने आपल्याकडे बघायला हवं, नाहीतर हात जोडायचे कुणाला? एका चुलत्याने तर दुसरा बरा फोटो नव्हता का, असं सरळ तोंडावर विचारलं. दुसरे होते, भरपूर होते. पण बाबांनी स्वतः निवडला तो हाच, आणि काढला मी, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

मी पाखरांचे फोटो काढतो. पोटासाठी वाळूजला नोकरी आहे, बाबांचीही हयात तिथल्याच एका कारखान्याच्या शेडमध्ये गेली, आणि घर बजाजनगरात. पण दिवाळी होऊन थंडी उतरायला लागली की रविवारी मी घरात सापडत नाही. तलावांवर चक्रवाक आलेले असतात, बांधावर धोबी पक्षी शेपटी हलवत फिरत असतो, आणि मला कधी एकदा चिखलात पालथा पडतो असं होऊन जातं.

माणसांचे फोटो मात्र काढत नसे. त्याचा मला ताठाच होता म्हणा ना. नात्यात कुणाचं लग्न निघालं की निरोप यायचा, एवढं मोठं मशीन घेतलंय तर ये की घेऊन. मी काहीतरी कारण सांगून टाळायचो. माणूस फोटोसाठी उभा राहिला की खोटा होतो, असं माझं ठाम मत. पाखराचं तसं नसतं. ते एक तर बसतं, नाहीतर उडून जातं. बायको म्हणायची, तुम्हाला मुळात माणसंच नकोत, कॅमेरा नुसतं निमित्त आहे. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

त्या वर्षी पावसाळाभर बाबांचा खोकला हटला नाही. तपासण्या झाल्या, फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, पुढचा पावसाळा बघतील असं वाटत नाही, म्हणून सांगितलं. मी बाहेर येऊन बाबांना म्हणालो, औषधं चालू ठेवा म्हणतात. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी दुसऱ्या दिवसासाठी बॅग भरत बसलो होतो. बाबा पलंगावर उशीला टेकून बघत होते. म्हणाले, "माझा एक फोटू काढ."

"कशाला?"

"वर लावायला."

त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथे तथागत आणि बाबासाहेब शेजारी शेजारी, आणि त्यांच्या खाली एक खिळा. घर रंगवलं तेव्हा बाबांनीच तो ठोकून ठेवला होता. आईला तो डोळ्यांसमोर नको होता, म्हणून तिने त्यावर कॅलेंडर अडकवून टाकलेलं.

"मोबाईलमध्ये ढीगभर आहेत की तुमचे," मी म्हणालो.

"मोबाईलचा नको. ह्या मशीनीचा पायजे. पाखरांचे हजार काढले असशील, बापाचा एक काढ."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "असलं काय बोलायलात हो तुम्ही?"

"तोंडावर मास हाय तवर काढू दे. पुढं नुसती हाडं राहत्याल."

हे ऐकून मी पटकन हो म्हणालो. खरं सांगायचं तर तो विषय थांबावा म्हणून. पण बाबा थांबले नाहीत. त्यांना कोटही हवा होता. आमच्या भागात एक स्टुडिओ आहे, तिथे गेलेल्या माणसाच्या साध्या फोटोवर कोट-टाय चढवून मागे निळं आभाळ लावून देतात. गल्लीतल्या निम्म्या घरांत एकच कोट घातलेली माणसं भिंतीवर आहेत. बाबा म्हणाले, तसा चढवून घेऊ. मी फणकारलो. जे समोर नाही ते फोटोत घालायचं नाही, हा माझा पाखरांच्या बाबतीतला नियम, आणि बापासाठी तो मोडायला मी तयार नव्हतो. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी अगदी गंभीरपणे बोललो होतो.

"मग खराच आण," बाबा म्हणाले.

जन्मात त्यांनी कोट शिवला नव्हता. माझ्या लग्नातला होता, तो पेटीतून निघाला. डांबरगोळ्यांचा वास येत होता. बाबांनी तो बसल्या बसल्या अंगात घातला, बाह्या खाली ओढल्या आणि आईकडे बघितलं. आई कपाळावरचे त्यांचे केस मागे सारून गेली.

करमाडच्या पुढे एक तलाव आहे, तिथे न्यायचं ठरवलं. आणि इथे मी जे केलं ते फक्त पाखरांच्या मागे फिरणारा माणूसच करू शकतो. उजेड कोवळा असताना पोचायचं म्हणून मी अंधारातच निघायचा बेत केला. आईने ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, माणूस हाय ते, बगळा नाय. एवढ्या थंडीत कुठं नेतोस?"

पण बाबा हटून बसले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता की मलाच यातलं कळतं. आईने त्यांना स्वेटर, मफलर, कानटोपी असं बांधून दिलं, कोट पिशवीत घातला, आणि गाडी वळेपर्यंत दारात उभी राहिली.

पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. मी उतरून बाबांच्या बाजूचं दार उघडलं. थंड वारा आत शिरला आणि त्यांना खोकल्याची अशी ढास लागली की मी घाबरून दार लावून घेतलं. काचा वर केल्या आणि आम्ही दोघं गाडीतच बसलो. समोर आभाळ तांबूस होत गेलं, मग सोनेरी. चक्रवाकांचा आवाज येत होता. असा उजेड फार टिकत नाही. तो चालला होता आणि मी स्टिअरिंगवर बोटं आपटत बसलो होतो.

"तुझं ऊन चाललं व्हय रे?" बाबांनी विचारलं.

"जाऊ द्या. उद्या परत येणारच आहे."

त्यांनी मान हलवली. नंतर बऱ्याच वेळाने, काचेवर धरलेली वाफ बोटाने पुसत, ते त्यांच्या वडिलांबद्दल बोलायला लागले. हे नवल होतं, कारण देवगाव रंगारीचं बालपण त्यांनी आम्हाला कधी फारसं सांगितलं नव्हतं. माझे आजोबा लोकांच्या शेतात राबायचे आणि बाबा अगदी लहान असताना गेले, एवढंच आम्हाला माहीत.

"मी त्याच्या मागं मागं चालायचो रानात," बाबा म्हणाले. "पाय आठवतेत त्याचे. टाचा फुटलेल्या. पाठ आठवती, सदऱ्याला ठिगळ होतं. पण तोंड येत नाय डोळ्यापुढं. लई जीव लावून आठवलं, तरी नाय येत."

"आत्याला आठवत असेल."

"ती माझ्याहून धाकटी. आईला होतं ठाव, ती गेली. फोटू कुणी काढायचा तवा? आता माझा बाप कसा होता ते दुनियेत कुणालाच ठाव नाय." त्यांनी ओलं बोट मफलरला पुसलं. "तसं नको व्हायला. तुझी पोरं लहान हायेत."

तेव्हा मला कळलं की हा हट्ट हौसेचा नव्हता. मी उगाच काच खाली करून धुकं गेलं का ते बघितलं.

ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही उतरलो. बांधाच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा जोंधळा आणि पिवळ्या फुलांनी भरलेली तूर. बांधावर एक रुंद दगड बघून त्यावर बाबांना बसवलं. कानटोपी, मफलर काढून कोट चढवला. आजाराने ते इतके उतरले होते की कोट खांद्यांवरून लोंबायला लागला. माझ्या बॅगेत पाखरांपासून लपायची जाळी अडकवायचे चिमटे असतात. ते पाठीमागे लावून मी कोट आवळला, तेव्हा कुठे पुढून अंगासरसा दिसायला लागला.

"मागून कसा दिसतो?" बाबांनी विचारलं.

"वाळत घातल्यासारखे."

ते हसले, हसताना खोकले, आणि पुन्हा ताठ बसले.

माझ्याकडे लेन्स एकच, पाखरांची. लांबचं जवळ आणायला केलेली. जवळचं तिला धड दिसत नाही. एवढा मोठा माणूस चौकटीत बसवायचा तर मागे मागे जावं लागतं. मी बांधावरून मागे सरकत राहिलो. बाबा लहान होत गेले, इतके की त्यांना माझं बोलणं ऐकू जाईना, मला त्यांचं. मग मी ट्रायपॉड रोवला, घडीच्या स्टुलावर बसलो आणि डोळा लावला.

एकदम समोर बाबा. भुवईतला पांढरा केस, दाढी करताना हनुवटीखाली राहिलेले खुंट, डोळ्याच्या कोपऱ्यात जमलेलं पाणी. इतक्या जवळून मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. आमच्यात तशी पद्धत नाही. बापाच्या तोंडाकडे टक लावून कोण बघतं? जेवताना, टीव्ही बघताना, दवाखान्यात, नेहमी आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि समोर बघत राहिलो. शेकाट्यासारख्या एखाद्या पाखरासाठी मी अख्खी सकाळ घालवली असेल, आणि हा चेहरा घरातच होता.

त्यांनी जबडा आवळून धरला होता. डोळे वटारलेले. आधार कार्डावर आहेत तसे. मी काही फोटो काढले, ते सगळे तसलेच आले. मग मी बटणावरचं बोट काढलं आणि पाखरासाठी बसतो तसा नुसता बसून राहिलो. बाबांना वाटलं असावं की मी अजून काहीतरी जुळवतोय. हळूहळू त्यांचा जबडा सैल पडला. त्यांनी तुरीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. बहुतेक मला विसरले. तेवढ्यात पाण्यावरून चक्रवाकांची जोडी ओरडत उठली, त्यांच्या डोक्यावरून गेली, आणि त्यांनी मान वर केली.

कॅमेरा त्यांच्याकडे नेऊन मागच्या पडद्यावर सगळे फोटो दाखवले. चष्मा लावून, एक एक करून त्यांनी बघितले. ताठ बसलेल्यांवर फार थांबले नाहीत. शेवटच्यावर थांबले.

"ह्यो ठेव."

"यात तुम्ही समोर बघत नाही, बाबा. लोक बोलतील."

"बोलू दे. ह्याच्यात मी आजारी नाय."

खरंच नव्हते. मी पडदा पुसायचं निमित्त करून डोळे पुसले. आता निघू म्हणालो, ऊन चढतंय, आई वाट बघत असेल. कोटाचे चिमटे काढायला वाकलो तर त्यांनी माझा हात धरला.

"आता तू बस हितं. मी काढतो."

मी म्हणालो, तुम्हाला जमायचं नाही, वजन आहे. ते म्हणाले, तिपाईवर हाय की. बाबांना नाही म्हणायची ती वेळ नव्हती. मी त्यांना हाताला धरून सावकाश मागे नेलं, स्टुलावर बसवलं, कॅमेरा परत ट्रायपॉडवर चढवून दगडावर रोखून दिला आणि कुठलं बटण दाबायचं ते बोट ठेवून दाखवलं. मग चालत जाऊन दगडावर बसलो.

माझाही जबडा आवळला गेला. हात कुठे ठेवायचे कळेना. लांब बांधावर माझा लग्नातला कोट घातलेले बाबा कॅमेऱ्यामागे वाकून बसले होते, एवढेसे दिसत होते. वेळ गेला. मी ओरडून विचारलं, "झालं का?" त्यांनी मान वर न करता हात हलवला, थांब म्हणून. आणखी वेळ गेला. उन्हाचा चटका लागायला लागला. बटण सापडत नसेल असं वाटून मी उठलो आणि त्यांच्याकडे चालत गेलो.

त्यांचा डोळा अजून कॅमेऱ्यालाच होता. मी पडद्यावर बघितलं. माझा एकही फोटो नव्हता.

"दाबलं नाही का, बाबा?"

"नाय."

"सापडलं नाही?"

"सापडलं की." त्यांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला. "तुझा फोटू घेऊन मी कुठं जाऊ? मला बघायचं होतं. ह्याच्यातनं लई जवळ दिसतोस."

मी परत गेलो, त्या दगडावर बसलो, आणि ते स्टुलावरून उठेपर्यंत त्यांच्याकडे तोंड करून बसून राहिलो.